मावळतीआधीची घंटा

ललित लोटन पाटीलला कोणतंही काम सांगा, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणणार, ‘व्हई जाई.’ होऊन जाईल. सोनगीरकडच्या माणसाची बोलायची तऱ्हाच ती, असं म्हणून लोक हसायचे आणि निश्चिंत मनानं घरी जायचे. अहो, पण समोरचा निश्चिंत झाला म्हणजे काम झालं, असं थोडंच असतं? ललितला मात्र तसंच वाटायचं. एकदा शब्द दिला की त्याला अर्धं ओझं उतरल्यासारखं व्हायचं, आणि उरलेलं अर्धं काम कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहायचं.

पोरगा तसा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वडील सोनगीरला कपाशी आणि कांदा करायचे. आई झुंबरबाई, तोंडानं फटकळ आणि मनानं साफ. ललितनं धुळ्यात डिप्लोमा केला, काही वर्षं पुण्यात एका कंपनीत मान मोडून काम केलं आणि एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आला तो परत गेलाच नाही. पुण्यात म्हणे आपल्याला कुणी नावानं हाक मारत नाही. मग धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत नेमीचंद शेठांच्या घराची वरची खोली त्यानं भाड्यानं घेतली. दोन टेबलं, एक कूलर, दारावर पाटी, आणि झाला सुरू. क्लासवाल्यांची हजेरी, लॅबवाल्यांचे रिपोर्ट, मंगल कार्यालयाच्या तारखा, कुणाला काय हवं ते मोबाईलवर करून द्यायचा. गल्लीत सगळे त्याला नावानं हाक मारायचे आणि तो खूश असायचा.

खाली शेठांचं कुटुंब. पुढच्या बाजूला कापडाचं दुकान, मागे घर. नेमीचंद शेठ आणि नातू मनन दिवसभर दुकानात. मननची बायको चेलना दुपारनंतर साड्यांच्या बाजूला बसायची. घरात मग एकट्या शेठाणी, कुसुमलता काकी, उरायच्या. काकींना काचबिंदू झालेला. उजेड आणि सावली एवढंच कळायचं, माणूस ओळखायच्या त्या आवाजावरून. जिन्यावर ललितची चप्पल वाजली की आतून हाक यायची, ‘ललितबेटा, जेवलास का?’ आणि जेवला असला तरी एक खाकरा हातात पडायचा. परक्या गावात असं दार मिळणं म्हणजे नशीबच, असं तो आईला फोनवर सांगायचा.

त्या घंटेचा जन्म काकींमुळेच झाला. जैनांच्या घरात सूर्य मावळल्यावर अन्नपाण्याला शिवत नाहीत. डोळे चांगले होते तोवर काकी मागच्या अंगणातल्या भिंतीवरचं ऊन बघून उठायच्या. डोळे गेले आणि त्या दुसऱ्यांवर अवलंबून राहिल्या. कुणी दुकानातून आवाज दिला तर दिला, विसरलं तर राहिलं. कितीदा तरी नको ती शंका म्हणून त्या दुपारीच शेवटचं पाणी घेऊन मोकळ्या व्हायच्या. ललितनं हे पाहिलं आणि एक साधं ॲप बनवलं. गावोगावची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ त्यात होती, आणि सूर्य मावळायच्या थोडं आधी फोनमध्ये घंटा वाजायची. घंटेचा आवाज त्यानं मुद्दाम सोनगीरहून आणला. घरी देवघरात पितळेची घंटा होती, गावातल्याच कारागिराच्या हातची. झुंबरबाईंनी ती वाजवली आणि ललितनं टिपून घेतली.

काकींना केवढा आनंद झाला! गावच्या जैन संघाचे मंत्री रुपचंदभाऊ यांनी ते ॲप सगळ्या संघात फिरवलं. धुळ्यातून ते चाळीसगावला गेलं, जळगावला गेलं. संध्याकाळी जैनांच्या गल्लीतून चाललं की चार घरांतून झुंबरबाईंची घंटा ऐकू यायची. ललितची छाती फुगायची, आणि ते बरोबरच होतं.

मागच्या वर्षी काकींनी वर्षीतप धरलं. म्हणजे वर्षाच्या वर महिनाभर एक दिवस जेवण आणि एक दिवस उपवास. उपवासाच्या दिवशी फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. शेवटी आखाजीला उसाच्या रसानं पारणं. त्या वयात, धुळ्याच्या उन्हाळ्यात, हे तप म्हणजे चेष्टा नाही. घरातले नको म्हणत होते. काकी म्हणाल्या, डोळे होते तोवर संसारानं वेळ दिला नाही, आता दुसरं करायचं काय आहे? आणि वेळेचं कोण बघणार, असं शेठांनी विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘ललितची घंटा आहे ना.’

उपवासाच्या दिवशी संध्याकाळचा तो पेला म्हणजे सगळं काही. त्यानंतर रात्र काढायची. म्हणून काकी तो पेला शेवटपर्यंत राखून ठेवायच्या. घंटा वाजली की पाटावर बसायच्या, पेला तोंडाला लावायच्या, पाणी संपवून हात जोडायच्या आणि सकाळपर्यंत काही न घेण्याचा नियम घ्यायच्या.

इकडे फोनच्या दुनियेत दरवर्षी एक उलथापालथ होते. फोन ज्याच्यावर चालतो ती मूळ व्यवस्थाच नवी येते. ती बनवणारी कंपनी काही महिने आधी कच्चा नमुना देते आणि ॲप बनवणाऱ्यांना कळवते की बाबांनो, हे हे बदलणार आहे, आपापलं सामान तपासून तयार ठेवा. ललितनं हे एकदा काकींना समजावलं होतं. वाड्याच्या मोठ्या दरवाजाला नवं कुलूप बसणार असलं की मालक सगळ्या भाडेकरूंना आधी सांगतो, ज्यानं त्यानं आपली किल्ली करून घ्यावी. नाही केली तर ऐनवेळी बाहेर. काकी म्हणाल्या, ‘मग तू करून घेतलीस ना किल्ली?’ ललित म्हणाला, ‘व्हई जाई, काकी.’

यंदाच्या सूचनेत एक गोष्ट ठळक अक्षरांत होती. पडून राहिलेला फोन आता गाढ झोपणार. बॅटरी वाचावी म्हणून तो सगळ्या ॲपांचे गजर अडवून ठेवणार आणि जाग येईल तेव्हा एकदम सोडणार. ज्याला ठरल्या वेळीच गजर वाजवायचा आहे त्यानं फोनच्या मालकाकडून वेगळी परवानगी मागून घ्यावी. ललितनं हे वाचलं होतं. न वाचता चुकला असता तर गोष्ट निराळी होती. वाचलं, खूण केली आणि बाजूला ठेवलं.

कारण त्याच सुमारास जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचं मोठं ॲप त्याच्याकडे आलं होतं. कुठल्या बागेत कधी कापणी, कुठली गाडी कुठे पोचली, सगळं त्यात. पारोळा, एरंडोल करत ललित एसटीनं जळगावला चकरा मारायचा. तिथे एसी ऑफिसात त्याला ‘पाटील सर’ म्हणायचे. नव्या व्यवस्थेसाठी ते ॲप त्यानं डोळ्यांत तेल घालून तपासलं. फोन खिशात घेऊन बागेत हिंडला, उन्हात तापवला, बंद करून उघडला. आणि घंटेचं ॲप? ते फुकटचं, घरचं. त्याच्यासाठी त्यानं टेबलावरचा फोन घेतला, संध्याकाळची वाट पाहिली, घंटा वेळेवर वाजली, आणि संघाच्या ग्रुपवर लिहून टाकलं की आपलं ॲप नव्या फोनसाठी तयार आहे.

आता मेख कुठे होती ते ऐका. ललितच्या टेबलावरचे सगळे फोन कायम वायरला लावलेले असायचे. कामाची सोय म्हणून. आणि वायरला लावलेला फोन झोपतच नाही. बॅटरी खर्च होत नसली तर तो कशाला झोपेल? हे ललितला ठाऊक होतं. त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फोनची वायर काढायची आणि तासभर उपडा टाकून ठेवायचा, एवढंच करायचं होतं.

हिवाळ्यात रुपचंदभाऊंनी नवा फोन घेतला. ते एकदा जिन्यात भेटले आणि सहज म्हणाले, ललित, तुझी घंटा हल्ली कधीकधी उशिरा वाजते रे. रुपचंदभाऊंना डोळे होते, खिडकी होती, त्यांचं काही अडलं नाही. ललित म्हणाला, तुमच्या फोनची काहीतरी सेटिंग असेल, बघू, व्हई जाई. आणि जिना चढून वर गेला.

काकींचा फोन साधा, जुना. असल्या फोनला नवी व्यवस्था उशिरा पोचते. चैत्रात पोचली. आखाजी तोंडावर आली होती. काकींनी हाक मारली, फोन पुढे केला आणि म्हणाल्या की हा मघापासून काहीतरी बोलतोय, नवं येतंय म्हणे. चेलना म्हणते, पारणं होईपर्यंत हात लावू नका, पण तू सांग, घेऊ का?

ललितनं फोन हातात घेतला. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला ती ठळक अक्षरं आठवली. पण काकींसमोर ‘थांबा, मी अजून नीट तपासलं नाही’ असं म्हणायचं कसं? ग्रुपवर तर लिहून बसलेला. ‘घ्या काकी, मी सगळं तयार ठेवलंय,’ असं म्हणून त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं बटण दाबलं.

फोन नवा होऊन काकींच्या फडताळात, पूजेच्या डबीशेजारी, जाऊन पडला. दिवसभर त्याला कुणी हात लावायचं नाही. झोपायला याहून चांगली जागा कुठली?

पुढची गोष्ट एका उपवासाच्या दिवसाची. ललित जळगावला जाऊन आला होता. एसटी उशिरा पोचली. गल्लीत शिरला तेव्हा खांबावरचे दिवे लागले होते, आभाळात तांबूसपणाही उरला नव्हता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याला आपल्या घरची घंटा ऐकू आली. आईची घंटा. आत्ता? त्यानं मागे वळून आभाळ पाहिलं. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता.

घराचं दार उघडंच होतं. आत दुपारपासून लावलेली ट्यूबलाइट, तिचा उजेड आणि दिवसाचा उजेड काकींना सारखाच. काकी भिंतीला हात लावत पाटावर येऊन बसल्या. बाजूचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. ललित दारात उभा होता. चार पावलांवर. ‘काकी, थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही त्यानं. पण थांबा म्हटलं की का थांबायचं ते सांगावं लागणार होतं. आज पहिल्यांदाच असं झालं का, तेही सांगावं लागणार होतं. बटण कुणी दाबलं तेही. तेवढ्या विचारात काकींनी पेला तोंडाला लावला आणि सावकाश, घोट घोट करत, सगळं पाणी पिऊन टाकलं. मग हात जोडून नियम घ्यायला लागल्या. ललितनं चप्पल काढून हातात घेतली आणि आवाज न करता जिना चढून गेला.

वर जाऊन त्यानं टेबलावरचा एक फोन वायरीतून ओढून काढला, त्यात तासाभरानंतरची घंटा लावली, फोन उपडा टाकला आणि त्याच्याकडे बघत बसला. त्याची घंटाही उशिरा वाजली. सकाळी काहीतरी निमित्त काढून त्यानं काकींचा फोन मागितला. बटण दाबल्यापासून जवळजवळ रोज तेच झालं होतं. जेवणाच्या दिवशी काकी लवकर जेवून मोकळ्या व्हायच्या, त्या दिवशी घंटेचं काही अडत नव्हतं. पण उपवासाचा प्रत्येक पेला अंधार पडल्यावरचा होता. ललितनं ॲप दुरुस्त केलं, परवानगी स्वतःच देऊन टाकली आणि फोन जागेवर ठेवला. काय करतोयस, असं काकींनी विचारलं. ‘काही नाही, साफ केला,’ तो म्हणाला. काकींनी त्याला खाकरा दिला आणि तो त्यानं खिशात टाकला, खाल्ला गेला नाही.

घंटा वेळेवर वाजू लागली. रुपचंदभाऊंसह संघातल्या सगळ्यांच्या फोनवर दुरुस्त ॲप गेलं. म्हणजे कामाच्या बाजूनं प्रकरण मिटलं. तोंड बंद ठेवलं तर जगात कुणाला कळणार नव्हतं. ललितनं स्वतःला हेच समजावलं. काकींनी कुठे जाणूनबुजून पाणी घेतलं? त्यांच्या मनात तर सूर्य होताच. मग त्यांना दुःख कशाला द्यायचं? असलं शहाणपण त्याला दिवसभर सुचायचं आणि संध्याकाळी घंटा वाजली की सगळं गळून पडायचं. ज्या घंटेनं छाती फुगायची तिच्या आवाजानं तो आता कानकोंडा होऊन खोलीत बसायचा. काकींची हाक आली तर वरूनच ‘जेवलो, काकी’ म्हणायचा. जिना उतरताना चप्पल हातात घ्यायची त्याला सवयच लागली. आपल्याच गल्लीत चोरासारखं वागायची वेळ त्यानं स्वतःवर आणली होती, दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

आणि त्यात रुपचंदभाऊ आले. म्हणाले, पारण्याच्या कार्यक्रमात संघातर्फे तुझा सत्कार ठेवलाय. कुसुमलताबाईंनी स्वतः सांगितलंय, माझं तप त्या पोराच्या घंटेवर झालं, शाल त्याला द्या. ललित नको नको म्हणाला. रुपचंदभाऊंना तो विनय वाटला आणि त्यांनी पाठ थोपटली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या थापेनं कळलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी झुंबरबाई सोनगीरहून आल्या. आखाजीला घर सोडून निघणारी ती बाई नव्हे. घागर भरायची, पुरणाचा स्वयंपाक, सगळं जावेवर टाकून आल्या होत्या, कारण लेकाचा सत्कार आणि काकींचं पारणं. रस द्यायला म्हणून सोनगीरचा तांब्याचा नवा गडू आणला होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. खोलीत आल्या आल्या त्यांनी लेकाकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर न घातलेला नवा सदरा, कोपऱ्यात न खाल्लेला डबा.

‘काय जायं रे?’ त्यांनी विचारलं.

ललितनं सांगितलं. सगळं नाही. ॲपची चूक सांगितली, वायरीची गोष्ट सांगितली. दारात उभा होतो, हे नाही सांगितलं. झुंबरबाईंना त्यातलं यंत्राचं फार कळलं नाही, पण घंटा आपली होती एवढं पुरेसं कळलं. त्यांनी गडू पिशवीत परत ठेवला आणि काकींकडे जायला उभ्या राहिल्या. ‘चाल. मी बी येस.’

काकी मागच्या खोलीत माळ घेऊन बसल्या होत्या. शेवटचा उपवास होता तो. झुंबरबाई भिंतीशी बसल्या. चेलना पाहुण्यांच्या याद्यांत होती, ती दाराशी येऊन थांबली. ललितनं सुरुवात केली ती फोनपासून. नवी व्यवस्था आली, कंपनीनं नियम बदलले, फोन झोपायला लागले. स्वतःचं नाव येईपर्यंत तो बराच फिरला. काकींनी अडवलं नाही. शेवटी तो म्हणाला की घंटा उशिरा वाजत होती, तुमचं पाणी सूर्यास्तानंतर होत होतं.

माळ थांबली. चेलनानं कपाळाला हात लावला. ती रागानं म्हणाली की मी सांगत होते फोनला हात लावू नका, बटण तुम्हीच दाबलंत ना? ललितनं मान हलवली, आणि काकींना ते दिसणार नाही हे लक्षात येऊन तोंडानं म्हणाला, ‘हो, मीच.’

काकींनी माळ मांडीवर ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘तुला कधी कळलं?’

एवढाच प्रश्न नको होता. ललितनं आईकडे पाहिलं. झुंबरबाई त्याच्याकडेच बघत होत्या.

‘त्या दिवशी संध्याकाळी,’ तो म्हणाला. ‘मी जळगावहून आलो तेव्हा घंटा वाजत होती.’

‘दारात एक सावली आली होती,’ काकी म्हणाल्या. ‘मी पेला उचलला तेव्हा. ती तू होतास?’

‘हो, काकी.’

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. ललितला वाटलं होतं की काकी रडतील, शाप देतील, निदान जा म्हणतील. काहीच झालं नाही. त्यांनी माळ डबीत ठेवली, डबी बंद केली, आणि चेलनाला म्हणाल्या की मला साध्वीजींकडे घेऊन चल. जाताना दाराची चौकट त्यांना सापडेना. ललितनं हात पुढे केला. त्यांनी हवेत चाचपलं, चेलनाचा हात सापडला, तो धरून त्या गेल्या.

पारण्यासाठी मुक्कामाला आलेल्या साध्वीजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काय बोलणं झालं ते चेलनानं नंतर सांगितलं. सकाळी उपवासाचा नियम घेताना ज्या सवलती म्हणतात, त्यांत एक असते. सूर्य ढगाआड असला किंवा साधूच्या सांगण्यावर विसंबून वेळ चुकली, तर नियम मोडत नाही. साध्वीजींनी विचारलं, तुम्ही कुणाच्या सांगण्यावर विसंबलात? काकी म्हणाल्या, ‘त्याच्या घंटेवर. मी ती साधूच्या शब्दासारखीच धरली होती.’ साध्वीजी म्हणाल्या, तुमचा भाव शुद्ध आहे, पण ती सवलत घंटेला लागत नाही. जेवढे उपवास त्या घंटेवर मोडले तेवढे पुन्हा करा, मग पारणं करा.

साधूचा शब्द! ललितला हे ऐकून खाली बसावं लागलं. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. जळगावच्या एसी ऑफिसात कुणी त्याला इतकं मोठं मानलं नव्हतं, आणि ज्या ॲपवर कुणीतरी असा भार टाकला होता तेच त्यानं टेबलावर, वायरीला लावून, आल्या वेळेला निभावून नेलं होतं. आपण फार लहान माणूस आहोत, असं त्याला वाटलं आणि ते काही खोटं नव्हतं.

आखाजीला मांडवात इतर तपस्वींनी रस घेतला. काकी घरीच राहिल्या. ललितनं रुपचंदभाऊंना खरं कारण सांगितलं, शालीचा प्रश्नच उरला नाही. संघातले दोघं-तिघं त्याच्याशी बोलेनासे झाले, बाकीच्यांनी ॲप काढून टाकलं. झुंबरबाई पहिल्या गाडीनं सोनगीरला परतल्या. गडू त्यांनी नेला नाही. काकींच्या स्वयंपाकघरात ठेवला आणि लेकाला बजावलं की त्यांचं पारणं होईल तेव्हा मला फोन कर, तोवर तू सोनगीरला नाही आलास तरी चालेल.

मननला ते ॲप काकींच्या फोनमधून काढायचं होतं. काकी नको म्हणाल्या. राहू दे, पोरानं माझ्यासाठीच केलंय ते. हे ललितच्या कानावर आलं आणि त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे काकींनी माफ केलं. संध्याकाळपर्यंत तो त्याच आधारावर होता.

नव्यानं धरलेल्या उपवासांतला तो पहिला दिवस. उन्हानं गल्ली भाजून निघाली होती. घंटा अगदी वेळेवर वाजली. ललित वर खोलीत कान देऊन बसला होता. पाटाचा आवाज आला. पेल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही.

‘ललितबेटा,’ खालून हाक आली. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता, रोजच्यासारखीच हाक. ‘जरा गच्चीवर जाऊन बघ ना. सूर्य आहे का?’

दुरुस्त केलंय काकी, आता चुकणार नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. अनवाणीच गच्चीवर गेला. फरशी पायाला भाजत होती. पश्चिमेला, घरांच्या टाक्यांच्या वर, सूर्य अजून हातभर होता. ललितनं तो डोळे दुखेपर्यंत पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि कठड्यावरून वाकून ओरडला, ‘आहे, काकी. घ्या पाणी.’

खाली पेला वाजला नाही. तेवढ्यात चेलना अंगणात येऊन उभी राहिली. तिनं मान वर करून स्वतः सूर्य पाहिला आणि आत जाऊन आजेसासूला हळूच म्हणाली, ‘हो बा, आहे.’ मग पेला वाजला.